दवाखान्याचा खुराक

"हे औषध परत घ्या साहेब. आम्हाला परवडत न्हाई."

असं म्हणून त्या बाईनं भरलेली बाटली माझ्या टेबलावर ठेवली. मी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. दवाखाना सरकारी होता. तपासणी फुकट, औषध फुकट. बाटली तेवढी ज्याची त्यानं घरून आणायची, आणि ही बाटलीही तिचीच होती. मग परवडत नव्हतं ते काय?

"बाई, पैसे कोणी मागितले का तुम्हाला?"

"न्हाई जी."

"चपराश्यानं? खिडकीवर?"

"कोणीच न्हाई मागितले. पर औषध परवडत न्हाई. दुसऱ्या कोणाच्या लेकराच्या कामी येईल म्हनून आनून दिलं."

शेजारच्या खोलीतून आमचे कंपाउंडर नरहरराव डोकावले. "सोडा साहेब. ह्या लोकांना फुकटाची किंमत नसते. चला बाई, लाइन अडवू नका."  बाईनं पदर सावरला आणि ती निघून गेली. मी बाटली उजेडात धरून पाहिली. आतलं औषध एका थेंबानंही कमी झालेलं नव्हतं.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या थोडी आधीची, निजामाच्या राज्यातली. जालना तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, औरंगाबादेत मोडायचा. मी मूळचा नांदेडकडचा. हैदराबादेत डॉक्टरी शिकून नुकताच नोकरीला लागलो होतो, आणि भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यातल्या एका कसब्याच्या गावी माझी नेमणूक झाली होती. गावाचं नाव लिहीत नाही. त्या लोकांची नातवंडं तिथं आहेत, आणि त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. पाऊस संपला की त्या बाजूला हिवतापाची लाट यायची. दुपारी हुडहुडी भरायची, मग फणफणून ताप, मग घाम. त्यावर क्विनीन हे एकच औषध आमच्याकडे होतं. आम्ही ते पाण्यात विरघळवून द्यायचो. त्याला मिक्श्चर म्हणायचे. कडूजहर असायचं. एकदा तोंडात गेलं की दिवसभर जीभ कडू राहायची.

दवाखान्यात खाटा अशा नव्हत्याच. जो काही कारभार होता तो आउटडोअरचा. म्हणजे माणसानं यायचं, दाखवायचं, औषध घ्यायचं आणि घरी जायचं. मी आतल्या खोलीत तपासायचो आणि चिठ्ठी लिहायचो. चिठ्ठी शेजारच्या खिडकीवर जायची. तिथं नरहरराव औषध भरायचे, बाटलीवर कागदाची पट्टी डकवायचे आणि कसं घ्यायचं ते सांगायचे. त्या पट्टीला कातरीनं खाचा पाडलेल्या असायच्या. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. ज्याला वाचता येत नाही त्यालाही बोट लावून मोजता यावं, म्हणून ही युक्ती. युक्ती चांगली होती, पण ती समजावून सांगणारा माणूस खिडकीत बसलेला होता, आणि सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

नरहरराव ह्याच मुलखातले. घरी पक्की मराठी, देवघर, सणवार सगळं. पण सकाळी खिडकीत बसले की त्यांची भाषा बदलायची. दफ्तराची जबान उर्दू होती, हे खरं. चिठ्ठ्या, पत्रव्यवहार, पट्टीवरचा मजकूर सगळं उर्दूत. पण समोर उभ्या राहिलेल्या शेतमजुराशी उर्दूत बोला, असा हुकूम कुणी काढलेला मी तरी पाहिला नाही. नरहररावांनी तो स्वतःच स्वतःवर काढून घेतला होता. त्यात त्यांना रुबाब वाटायचा.

त्या दिवशी मी बाटली टेबलावरच ठेवली. दर पाच मिनिटांनी माझी नजर तिच्याकडे जात होती. एक गोष्ट मला आल्यापासून खटकत होती. हिवतापाचा रोगी एकदा यायचा आणि पुन्हा तोंड दाखवायचा नाही. ताप उतरला तरी औषध पुढं चालू ठेवावं लागतं, नाही तर ताप उलटतो. हे मी प्रत्येकाला घसा कोरडा करून सांगायचो. माना डोलवायचे आणि गायब व्हायचे. नरहररावांना विचारलं तर ते म्हणायचे, "ताप उतरला की विसरतात साहेब. जाहिल, अडाणी लोक." पण ह्या बाईचं पोर आजारी होतं, ती विसरली नव्हती, औषध परत द्यायला दोन कोस चालून आली होती. असा विसरभोळेपणा मी ऐकला नव्हता.

दुपारी दवाखाना बंद झाल्यावर मी सुपारी आणायला म्हणून बाहेर पडलो. एरवी माझं सामान चपराशी आणायचा. फाटकासमोरच बंडोपंतांचं किराणा दुकान होतं. बंडोपंत म्हणजे नरहररावांचे सख्खे मेहुणे. माझ्या पुढं एक शेतकरी उभा होता. हातात आमच्याच दवाखान्याची ताजी पट्टी लावलेली बाटली होती.

"दवाखान्याचा खुराक द्या," तो म्हणाला.

"किती सांगितला?" बंडोपंतांनी विचारलं.

"तीन."

"म्हणजे रोजच्या तीन पुड्या. किती दिवसांचं औषध दिलंय?"

"चार दिवसाचं. पर मला एकाच दिवसाचं द्या सध्या. बाकीचं मंग पाहू."

बंडोपंतांनी फळीखालून लाल कागदात बांधलेल्या तीन पुड्या काढल्या. बांधून तयार होत्या, चळतीच्या चळती. माझ्याकडे लक्ष गेलं तसे ते जरा थबकले, पण हात काही थांबला नाही. मी एक पुडी उचलून सोडली. आत खारीक, खोबरं, डिंक आणि खडीसाखर होती.

"हे काय आहे?"

"खुराक साहेब. वरून तूप घ्यावं लागतं. ते मापानं देतो."

आता हा शब्द नीट सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. उर्दूत खुराक म्हणजे औषधाचा एक डोस. दफ्तरात, पट्टीवर, आमच्या हैदराबादच्या पुस्तकांत सगळीकडे तोच शब्द. 'दिन में तीन खुराक' म्हणजे दिवसातून तीनदा औषध घ्या, एवढंच. पण आपल्या मराठी माणसाला खुराक म्हणजे काय ते विचारा. पैलवानाला खुराक असतो, बाळंतिणीला असतो, शंकरपटाच्या शर्यतीत पळणाऱ्या बैलाला असतो. तूप, दूध, बदाम, खारीक. नरहरराव खिडकीतून ठसक्यात सांगायचे, "रोज तीन खुराक, बराबर. खुराक चुकला तर औषध काम करणार नाही." समोरचा माणूस ऐकायचा की दिवसातून तीनदा तूप-खारीक खायला घालायची, आणि त्यात चूक झाली तर औषधाचा उपयोग नाही. फुकट औषधाची अशी किंमत होती आणि ती समोरच्या दुकानात वसूल होत होती.

 मी सुपारी न घेताच परत फिरलो. नरहरराव घरी जायला निघाले होते, डोक्यावर टोपी चढवत होते.

"नरहरराव, लोक खुराकाचा अर्थ काय घेतात, ठाऊक आहे तुम्हाला?"

"मी बरोबर शब्द वापरतो साहेब. दफ्तराचा शब्द आहे. ते काय समजतात त्याला मी काय करू?"

"मराठीत सांगा की. तुमची आईसुद्धा मराठी बोलत असेल."

"आईचा काय संबंध? खिडकी सरकारी आहे."

"बरं. लोक चुकीचं समजतात, मान्य. मग तुमचे मेहुणे इतकं बरोबर कसं समजले? त्यांनी तर पुड्याही तीन-तीनच बांधून ठेवल्यात."

ह्यावर त्यांनी टोपी नीट बसवली. मग म्हणाले, "तूप-खारकेनं कोणाचं वाईट झालंय साहेब? अंगाला लागतंच." आणि चपला घालून निघून गेले. मला माणसाचा राग पटकन येतो, आणि पटकन जातोही. हा राग मात्र आज इतक्या वर्षांनीही गेलेला नाही. न कळून चूक करणारा माणूस मी समजू शकतो. ह्याला सगळं कळत होतं, आणि बोलताना तो एकही शब्द खोटा बोलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळचं काम उरकल्यावर मी ताजं मिक्श्चर भरलं, सायकल काढली आणि त्या बाईचं गाव गाठलं. पिंपळगाव रेणुकाईच्या वाटेवरची एक वाडी होती ती. बाईचं नाव गयाबाई. नवरा एका बड्या शेतकऱ्याकडे सालदार होता, म्हणजे वर्षभराच्या बोलीनं राबणारा गडी. तो रानात गेलेला होता. घरात गयाबाई, तिची सासू आणि आजारी पोरगी. पोरीचं नाव शेवंता. सात-आठ वर्षांची असेल. वाकळ पांघरून भिंतीला टेकून बसली होती, आणि हिवानं तिचे दात वाजत होते. मी पोट दाबून पाहिलं. डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे सुजलेली प्लीहा, चांगली हाताला लागली. म्हणजे ताप आजकालचा नव्हता, मुरलेला होता. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर मला काही करता आलं नसतं.

"हिला औषध कधी दिलं होतं?"

"पयल्या खेपंला दिल्तं जी," गयाबाई म्हणाली. "तवा बकरी इकली. खुराक आनला. खुराक व्हता तवर औषध दिलं. ताप बिलकुल गेल्ता. मंग खुराक सरला, म्हनून औषध बी बंद केलं. ताप फिरून आला."

"खुराक नव्हता, तर नुसतं औषध का नाही दिलं?"

ह्याला एवढंही कळू नये, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. "औषध गरम असतंय साहेब. कानात घुंई घुंई होतंय त्यानं. पोटात तूप न्हाई आन वरून असलं औषध दिलं, तर लेकराचं रगत जळून जाईन न्हाई का? खिडकीवरचे साहेबच म्हनले, खुराक चुकवू नका म्हनून."

सांगा, ह्यात जाहिल काय होतं? क्विनीननं कान वाजतात, हे खरं आहे. कडक औषध रिकाम्या पोटी बाधतं, हा तिचा अनुभव होता. खुराक चुकवू नका, हा सरकारी माणसाचा शब्द होता. तिन्ही गोष्टी जोडून तिनं जे ठरवलं ते तिच्या जागी मीही ठरवलं असतं. ती पोरीला विषापासून वाचवत होती.

सासू कोपऱ्यातून बोलली, "मालकाच्या वाड्यावर तूप मागाया गेल्ती ही. मालकीन म्हनली, खुराक तर पैलवानाला देतेत. तुझी पोरगी काय कुस्ती खेळाया चालली का?"

"तुमी गप बसा ना आत्याबाई," गयाबाई म्हणाली. पण मला त्या मालकिणीचंही नवल वाटलं नाही. तिनंही शब्दाचा अर्थ मराठीतच घेतला होता. चूक फक्त दफ्तरात बसलेल्यांना मराठी येत नसल्याची होती, आणि ज्याला येत होती तो आपल्याला येत नाही असं दाखवत होता.

मी म्हणालो, "बाई, मी काय सांगतो ते ऐका. खुराक म्हणजे औषधाचा घोट. तूप नाही, खारीक नाही, काही नाही. तीन खुराक म्हणजे तीन घोट. बस."

तिचा विश्वास बसेना. आणि का बसावा? दवाखान्यातल्या एका साहेबानं एक सांगितलं, दुसरा सायकलवर येऊन भलतंच सांगतो. शेवटी मी बाटलीतला एक घोट पेल्यात ओतला आणि तिच्यासमोर स्वतः प्यायलो. तोंड इतकं कडू झालं की डोळ्यांत पाणी आलं. माझा चेहरा पाहून शेवंता तापातही हसली. मग तिनं घोट घेतला, वर पाणी प्यायली. अर्धी भाकरी दूध नसेल तर वरणात कुस्करून द्या, असं सांगून मी तिथंच ओट्यावर बसून राहिलो. गयाबाई अधूनमधून पोरीच्या कपाळाला हात लावून पाहत होती. पोरीचं काही जळालं नाही. घामानं अंग भिजून ती झोपली, तेव्हा कुठं गयाबाईनं माझ्यापुढं चहा आणून ठेवला.

"उद्या येताव का साहेब फिरून?"

"येतो. आणि रोज तीन घोट. चुकवायचे नाहीत."

"न्हाई चुकवत. घोट म्हनून सांगितलं असतं तर कशाला चुकवलं असतं?"

मी चहा संपवला आणि सायकल काढली.

नरहररावांच्या खिडकीचा कारभार मी लगेच बदलला. पट्टीवरचं उर्दू तसंच राहू दिलं, त्याखाली मराठीत 'घोट' लिहून मीच तो लोकांना वाचून दाखवायला लागलो. आणि घडलेला सगळा प्रकार औरंगाबादेला सिव्हिल सर्जन साहेबांना कळवला. जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांवर त्यांची देखरेख असायची. मला वाटलं, ते वाचून त्यांचंही रक्त उसळेल. मी तरुण होतो.

दौऱ्यावर आले तेव्हा त्यांनी आधी दवाखान्याची सफाई पाहिली, मग बाटल्या पाहिल्या. माणूस सभ्य होता, मृदू बोलायचा, लखनौकडचा होता. माझी बाटली हातात घेऊन त्यांनी 'घोट' ह्या शब्दावर बोट ठेवलं.

"यह क्या है, डॉक्टर?"

"मराठी है हुजूर. लोग समझते नहीं, इसलिए लिखा."

"खुराक सही लफ्ज है."

"लफ्ज सही है हुजूर, मगर यहाँ उसका मतलब घी-खारीक होता है. लोग बकरी बेचके खुराक ला रहे हैं. जो नहीं ला सकते, वो दवा ही नहीं देते."

"तो उनको तालीम देना चाहिए."

"हजारों को एक लफ्ज सिखाएँ हुजूर, या खिडकीपे एक आदमी लफ्ज बदल दे?"

साहेब हसले. रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. "आप जज़्बाती हैं," ते म्हणाले. "आज एक दवाखाने में लफ्ज बदलेंगे, कल दूसरे में. फिर दफ्तर कैसे चलेगा?" दफ्तर कसं चालेल ही त्यांना काळजी होती. शेवंता कशी जगेल ही काळजी कुणाच्या खात्यात येत होती, ते मी विचारलं नाही. नोकरी नवी होती आणि घरी आईला माझ्या पगाराचाच आधार होता.

नरहररावांनाही बोलावून विचारलं. ते हात बांधून उभे राहिले आणि अस्सल उर्दूत सांगितलं की आपण प्रत्येक रोग्याला खुराकाची हिदायत, म्हणजे सूचना, बराबर दिली आहे. साहेबांनी ते मान्य केलं. करणारच. शब्दात चूक काढायला जागाच नव्हती. मेहुण्याच्या दुकानाबद्दल मी बोललो, तर साहेब म्हणाले की फाटकाबाहेरचा कारभार आपल्या अखत्यारीत येत नाही.

महिन्याभरानं निकाल आला. नरहररावांची बदली एका मोठ्या दवाखान्यात, वरच्या जागेवर. उत्तम उर्दू जाणणाऱ्या माणसाची तिथं गरज होती म्हणे. आणि मला लेखी तंबी. सरकारी पट्टीवर दफ्तराबाहेरच्या भाषेत मजकूर लिहिल्याबद्दल. ती वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो, आणि मग टेबलावर मूठ आपटली. चपराशी बिचारा धावत आत आला.

पण तंबी लिहिण्याबद्दल होती. प्यायला घालण्याबद्दल नव्हती. मी खिडकीत एक पितळी पेला ठेवला. नवा कंपाउंडर आला होता, त्याला सांगितलं की बाटली भरून नुसती हातात द्यायची नाही. पहिला घोट खिडकीतच, आपल्यासमोर पाजायचा. पट्टीची वरची खाच दाखवायची, औषध पेल्यात ओतायचं, प्यायला लावायचं, मग पुढच्या खाचेवर बोट ठेवून म्हणायचं, "असंच संध्याकाळी." ह्यात खुराक नाही, घोट नाही, उर्दू नाही, मराठी नाही. तोंडात पडलेलं औषध माणसाला कोणत्याही भाषेत कळतं. बारकं पोर असेल तर आईनं स्वतः चमच्यानं पाजायचं. मागच्या लाइनीतल्या लोकांनाही दिसायचं. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी तो प्रकार दहा वेळा पाहिलेला असायचा, आणि कडू तोंड झालेल्या माणसाला चिडवण्यात लाइनीचा वेळ बरा जायचा. शिवाय संध्याकाळी कामावरून परत जाणाऱ्या मजुरांसाठी दवाखाना दिवेलागणीपर्यंत उघडा ठेवायला लागलो, कारण सकाळी यायचं म्हणजे त्यांची दिवसाची मजुरी बुडायची. तीही एक फुकट औषधाची किंमतच होती.

बंडोपंतांच्या पुड्या पडून राहिल्या. खोबरं खवट झालं असावं. ते माझ्याशी बोलेनासे झाले, आणि मला त्याचा कधी त्रास झाला नाही.

लोक परत यायला लागले. पहिल्या बाटलीनंतर दुसरी न्यायला, दुसरीनंतर तिसरी. वाड्यावस्त्यांवरून बायका पोरांना काखोटीला मारून यायच्या. फाटकापासून लाइन लागायची. मला वाटलं, आता तरी वरून दोन चांगले शब्द येतील. आलं ते पत्र असं होतं की आपल्या दवाखान्यात रोग्यांची संख्या वाढली आहे, तरी आपल्या कारकिर्दीत रोगराई का वाढली, ह्याचा खुलासा करावा. माझ्या आधीच्या डॉक्टरला, रोगी कमी झाले म्हणून, शाबासकी मिळाली होती. घरात झुरून मेलेला माणूस त्यांच्या हिशेबात तंदुरुस्त धरला जात होता. मी खुलासा लिहिला. चार वेळा फाडला आणि पाचव्यांदा सभ्य भाषेत लिहिला.

शेवंता बरी झाली. पानथरी उतरायला वेळ लागला, पण उतरली. थंडी सरता सरता गयाबाई तिला घेऊन शेवटचं दाखवायला आली. पोरीच्या गालावर रंग आला होता, आणि ती खिडकीतल्या पेल्याकडे पाठ करून उभी होती, पुन्हा पाजतील म्हणून. मी तपासलं, आता औषध नको म्हणून सांगितलं. पोरगी उड्या मारत बाहेर पळाली. गयाबाई मात्र तिथंच उभी राहिली.

"काय झालं बाई?"

"एक इचारू का साहेब?"

"विचारा की."

"हिच्या आधी माझा थोरला व्हता. किसन. दोन सालाखाली गेला. त्याला बी असाच ताप आल्ता, आन इथूनच औषध नेल्तं. तवा घरात बकरी बी नव्हती इकाया. खुराक काही जमला न्हाई." तिनं बाहेर पोरीकडे पाहिलं. "बाटली तशीच भरेल राह्यली. त्याला बी नुसत्या पान्यासंगं चाललं असतं का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. त्याचा ताप वेगळा असेल, असं म्हणता आलं असतं. पण ह्या दवाखान्यातून त्या बाईला शब्दांचे इतके फेरे देऊन झाले होते, की आणखी एक द्यायची मला लाज वाटली.

"चाललं असतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रडली नाही. "बरं" म्हणाली आणि बाहेर जाऊन पोरीचा हात धरला. किसनच्या मरणाबद्दल कुणाकडून कधी खुलासा मागितला गेला नाही. मागणार तरी कोण, आणि कोणत्या भाषेत?

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं नोकरी केली. राज्य गेलं, दफ्तराची भाषा बदलली, पट्ट्या गेल्या, बाटल्या गेल्या. गरिबांसाठी औषध फुकट आहे, असं सांगणारे साहेब मात्र सगळ्या राजवटींत भेटले. माझा त्यांना एकच प्रश्न असायचा, आणि तो बहुतेकांना आवडला नाही. औषध फुकट आहे ते कळलं, पण ते घ्यायला आलेल्या माणसाला खिडकीत नेमकं काय ऐकू येतं, ते तुम्ही कधी लाइनीत उभं राहून ऐकलंय का?